स्थलवर्णनाची भाषा : वेरूळचा धबधबा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर स्थलवर्णनात नाम, क्रियापद, काळ आणि दिशावाचक शब्द यांचे कार्य कसे चालते, हे तुम्हाला उदाहरणांसह सांगता येईल. एखाद्या वर्णनातील शब्द त्या जागेचेच आहेत की कोणत्याही जागेला चिकटवता येतील असे आहेत, हे प्रतिस्थापनाच्या कसोटीने तपासता येईल. स्वतः पाहिलेल्या एका जागेचे ४०० ते ५०० शब्दांत वर्णनही लिहिता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, धबधब्याचे वर्णन करणे सोपे आहे असा आपला सर्वांचा समज असतो. शाळेच्या निबंधापासून आपण ते करत आलो आहोत. नेमक्या याच कारणाने ते अवघड होऊन बसले आहे. लेखणी हातात घेतली की ‘फेसाळणारा’, ‘दुधासारखा शुभ्र’, ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ हे शब्द आपोआप रांगेत येऊन उभे राहतात आणि पाहिलेली जागा त्यांच्यामागे दिसेनाशी होते. जागा जितकी सहज पोहोचण्याजोगी, तितकी ही अडचण मोठी. दुर्गम ठिकाणी गेलेल्या प्रवाशाजवळ निदान वाटेची हकिकत तरी असते. गाडीतून उतरून थोडे चालले की दिसणाऱ्या धबधब्यापाशी ती सोयही नाही. तो सर्वांनीच पाहिलेला असतो किंवा पाहिल्यासारखा वाटतो.

म्हणून या घटकासाठी आपण तसाच एक धबधबा घेऊ. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्व टोकाला असलेल्या चिकलठाण्यातून निघाले, तर जालना रोडने शहर ओलांडून, छावणीवरून दौलताबाद व खुलताबाद या मार्गाने वेरूळ चाळीस किलोमीटरांच्या आसपास पडते. औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या विद्यार्थ्यालाही सुट्टीच्या एका दिवसात हे जाणे-येणे जमण्याजोगे आहे. फक्त ती सुट्टी मंगळवारची नसावी, कारण वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. येथील ३४ लेण्यांना दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रमांक दिलेले आहेत. त्यांपैकी २८ आणि २९ या क्रमांकांच्या दरम्यान डोंगराच्या कड्यावरून पावसाळ्यात ओढ्याचे पाणी खाली पडते. हाच आपला धबधबा. त्याला ‘सीता की न्हाणी’ म्हणतात. त्या नावाकडे आपण लवकरच येऊ.

पाण्याच्या पडण्याला दिलेली नावे

मराठीत उंचावरून पडणाऱ्या पाण्याला एकच शब्द नाही, आणि जे शब्द आहेत ते एकमेकांचे पर्यायही नाहीत. प्रत्येक शब्द पाण्याकडे वेगळ्या बाजूने पाहतो.

‘धबधबा’ हा अनुकरणवाचक शब्द आहे. खळखळ, सळसळ, रिपरिप, धो-धो यांच्या पंक्तीतला. तो पाण्याचे रूप सांगत नाही, आवाज सांगतो. पाणी पाहण्याआधी ते ऐकू येते, हा अनुभव मराठी भाषकांनी नामातच साठवून ठेवला आहे. नादाचे हे सामर्थ्य समर्थ रामदासांना चांगले ठाऊक होते. शिवथरघळीचे त्यांचे प्रसिद्ध वर्णन उभे आहे ते अशाच नादानुकारी शब्दांवर. तेथे अलंकार शोधत बसण्याआधी ते मोठ्याने वाचून पाहावे.

‘प्रपात’ हा संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला, म्हणजे तत्सम शब्द. त्यातील मूळ धातू ‘पत्’, अर्थ पडणे. आपला रोजचा ‘पडणे’ हा शब्दही प्राकृतातून खाली येत आलेला याच धातूचा वंशज आहे. म्हणजे ‘प्रपात’ लिहिल्याने वर्णन अधिक उंचीवर जाते आणि ‘पाणी पडते’ लिहिल्याने ते घसरते, या समजुतीला भाषेच्या इतिहासात आधार नाही. दोघे एकाच घरातले. एक शिकून परदेशी गेलेला, दुसरा शेत सांभाळून राहिलेला, एवढाच फरक.

तिसरे घराणे ‘झर’चे. संस्कृत ‘क्षर्’ म्हणजे पाझरणे, स्रवणे. प्राकृतात त्याचा ‘झर’ झाला आणि मराठीला झरणे, झरा, पाझर, ओझर असे शब्द मिळाले. ‘ओझर’ आजच्या बोलण्यात विरळ झाला असला, तरी गावांच्या नावांत तो टिकून आहे आणि कोयना खोऱ्यातील नवजाजवळच्या ‘ओझर्डे’ धबधब्याच्या नावातही त्याची खूण दिसते. या घराण्यातील शब्द पाणी कोठे जाते यापेक्षा ते कोठून येते याकडे लक्ष देतात. आतून बाहेर येणारे, खडकातून निघणारे पाणी त्यांना अभिप्रेत असते. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. हिंदीत ‘झरना’ हा शब्द धबधब्यालाही वापरतात. मराठीत ‘झरा’ तसा वापरता येत नाही. संभाजीनगरसारख्या शहरात मराठी आणि हिंदी-दखनी एकाच गल्लीत नांदत असल्यामुळे हा घोळ वारंवार होतो. उत्तरपत्रिकेत ‘वेरूळचा उंच झरा’ असे लिहिले, तर परीक्षकाच्या डोळ्यांपुढे वेगळेच चित्र उभे राहील.

याखेरीज लोकांनी जागेच्या उपयोगावरून किंवा आकारावरून दिलेली नावे आहेत. बीड जिल्ह्यात मन्मथस्वामींच्या समाधिस्थानाशेजारचे पाणी ‘धार’ होऊन ‘कपिलधार’ झाले. पैनगंगेवर मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर ‘सहस्रकुंड’ आहे. अजिंठ्याला वाघूर नदी ज्या नालाकृती घळीच्या टोकाशी टप्प्याटप्प्याने उतरते, तेथे ‘सातकुंड’ आहे. ‘कुंड’ हा शब्द पडणाऱ्या पाण्याला नव्हे, तर पडून साठलेल्या पाण्याला दिलेला आहे. पाऊस ओसरल्यावरही जे उरते ते कुंड. मराठवाड्यातील माणसाने टिकणाऱ्या पाण्याचे नाव धबधब्याला द्यावे, यात मला तरी नवल वाटत नाही.

आता ‘सीता की न्हाणी’. ‘न्हाणी’ म्हणजे स्नानाची जागा. संस्कृत ‘स्नान’, प्राकृत ‘ण्हाण’, मराठी ‘न्हाणे’ आणि त्यावरून ‘न्हाणी’, ही वाट सरळ आहे. जुन्या वाड्यांत आणि खेड्यांतील घरांत न्हाणीघर हा शब्द आजही ऐकू येतो. मग हे नाव शुद्ध मराठीत ‘सीतेची न्हाणी’ असायला हवे होते. पण मधला ‘की’ दखनीचा आहे. ‘बीबी का मकबरा’ यातील ‘का’ ज्या बोलीतून आला, त्याच परंपरेतला हा ‘की’. उलट ‘न्हाणी’तील मूर्धन्य ‘ण’ मराठीने सोडलेला नाही. हिंदी वळणाने तेथे ‘न’ आला असता. रामायणातील सीता, दखनीतील ‘की’ आणि मराठीतील ‘न्हाणी’, तीन शब्दांत या परिसराचा सगळा भाषिक शेजार आला. असे नाव ‘सुधारून’ लिहू नये. स्थलनाम हा पुरावा असतो, आणि पुराव्यावर रंगसफेदी करायची नसते.

व्याकरणाची एक बाब येथेच उरकून घेऊ. ‘धबधबा’ हे आकारान्त पुल्लिंगी नाम असल्याने त्याचे अनेकवचन ‘धबधबे’ आणि सामान्यरूप ‘धबधब्या-’ असे होते. धबधब्याला, धबधब्याखाली, धबधब्यांचा. ‘धबधबाला’ किंवा ‘धबधबाजवळ’ ही रूपे अलीकडे फलकांवरही दिसतात. ती टाळावीत.

खडक, पाणी आणि लेणे

स्थलवर्णन करणाऱ्याने भूगोलतज्ज्ञ व्हावे असे नाही, परंतु आपण कशावर उभे आहोत हे त्याला माहीत असावे. वेरूळ-अजिंठ्याचा डोंगर बेसाल्टचा, म्हणजे थंड झालेल्या लाव्हारसाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात येथे लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. या थरांना भूशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातील ‘ट्रॅप’चा सापळ्याशी काही संबंध नाही. तो जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो म्हणून ते नाव.

ज्यांच्या घरी विहीर खोदली गेली आहे, त्यांना हे थर पुस्तकाविना ठाऊक असतात. वरची माती, मग मुरूम, मग कोठे ठिसूळ मांजऱ्या, कोठे लाल गेरूचा पट्टा आणि मग सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. पाणी मऊ थर लवकर झिजवते, कठीण थराला तसे करू शकत नाही. त्यामुळे कठीण थराची कड पुढे राहते, खालचा भाग आत जातो आणि ओढा त्या कडेवरून खाली पडू लागतो. धबधबा तयार होतो तो असा. लेणी कोरणाऱ्या कारागिरांनाही असाच जाड, एकसंध थर हवा होता. म्हणून चांगला कडा, चांगले लेणे आणि धबधबा ही तिन्ही येथे शेजारी-शेजारी सापडतात. योगायोग म्हणून ते सोडून देता येत नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कैलास लेणे वरून खाली कोरत आणले गेले. त्याच डोंगरावरून ओढाही वरून खालीच कोरत आला आहे, अर्थात कोणत्याही आराखड्याविना.

२९ क्रमांकाचे लेणे, म्हणजे ‘डुमार लेणे’, या पाण्याच्या अगदी अंगाला आहे. एकाहून अधिक बाजूंनी उघडणारे प्रशस्त सभागृह, पायऱ्यांशी बसलेले भव्य सिंह, आत कैलास हलवणारा रावण आणि शिव-पार्वतीचा विवाह अशी मोठी शिल्पे. पुढे अभ्यासक मुंबईजवळच्या घारापुरीच्या लेण्याशी त्याची तुलना करतात. पावसाळ्यात या लेण्यात उभे राहिले, तर शिल्पांच्या शांततेत शेजारच्या घळीतला आवाज भरलेला असतो. वर्णन लिहिताना लेणे एका परिच्छेदात आणि धबधबा दुसऱ्या परिच्छेदात असे वेगळे बांधून ठेवण्याची सवय अनेकांना असते. जागेवर ते तसे वेगळे नाहीत.

आणखी एक गोष्ट. वेरूळची १ ते १२ ही लेणी बौद्ध आहेत. बौद्ध भिक्षूंना पावसाळ्याचे महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. म्हणजे फिरता भिक्षू डोंगराच्या आसऱ्याला थांबायचा तो नेमका पाणी पडण्याचा काळ. आज हिवाळ्यात येणारा पर्यटक जे कोरडे, उन्हाने उजळलेले वेरूळ पाहतो, त्याहून ते वेरूळ वेगळे होते.

क्रियापद, काळ आणि दिशा

वर्णन विशेषणांनी उभे राहते, हा समज सोडून देण्याची वेळ आता आली आहे. पाण्याचे वर्णन क्रियापदाने होते. मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे. पाणी ठिबकते, झिरपते, पाझरते, निथळते, ओघळते, सांडते, उतरते, घरंगळते, लोटते, उसळते, आदळते, कोसळते. यातील प्रत्येक क्रियापद पाण्याचे प्रमाण, वेग आणि खडकाशी असलेले त्याचे नाते एकाच वेळी सांगते. ‘ओघळते’ म्हटले की पाणी खडकाला धरून येते. ‘कोसळते’ म्हटले की ते खडक सोडते. ‘अतिशय सुंदर आणि विलोभनीय’ या चार शब्दांतून यांपैकी काहीही कळत नाही. वेरूळचे पाणी जोराच्या पावसानंतर कोसळते आणि पाऊस थांबून काही दिवस गेले की ओघळू लागते. क्रियापद बदलले की वाचकाला तुम्ही केव्हा गेला होता हे कळते.

येथून आपण काळाकडे येतो. ‘वेरूळला लेण्यांशेजारी उंच धबधबा कोसळतो.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. येथे साध्या वर्तमानकाळाचे रूप रीतिवर्तमानाच्या अर्थाने आले आहे, म्हणजे नेहमी घडणारी क्रिया सांगते. सूर्य पूर्वेला उगवतो, तसा धबधबा कोसळतो. आणि याच कारणाने ते वाक्य वर्षातील बहुतेक महिने खोटे असते. संभाजीनगर परिसरात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीला तो ७,००० मिलिमीटरांच्या घरात जातो. आंबोलीविषयी रीतिवर्तमान बरेच दिवस चालून जाईल. वेरूळविषयी लिहिताना मात्र ‘जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत, जोराचा पाऊस झाल्यावर’ अशी काळाची अट क्रियापदाला घालावीच लागते. ती न घातलेले वाक्य वाचून कुणी मार्चमध्ये लेकरांना घेऊन गेले आणि कोरडा कडा पाहून परतले, तर दोष त्या कुटुंबाचा नव्हे, वाक्याचा.

उंचीचेही असेच. ‘खूप उंच’ हे शब्द काही सांगत नाहीत, आणि नुसता आकडाही फारसे सांगत नाही. कर्नाटकात शरावती नदीवरील जोग, म्हणजे मराठी वाचकांचा जुना परिचित ‘गिरसप्पा’, २५३ मीटर उंच आहे, असे सांगितले तर वाचक मान डोलावून पुढे जाईल. वेरूळच्या वाटेवर दौलताबादचा चांद मिनार लागतो. त्याची उंची सुमारे ६४ मीटर आहे. असे जवळजवळ चार मिनार एकावर एक उभे केले की जोगची उंची होते. हे वाचल्यावर चिकलठाण्यातील वाचकाची मान आपोआप वर जाते. तुलना वाचकाने पाहिलेल्या वस्तूशी करावी, लेखकाने पाहिलेल्या नव्हे. वेरूळचा धबधबा अर्थात जोगच्या जवळपासही जात नाही. पण घळीच्या तोंडाशी उभे राहून वर पाहणाऱ्याला तो उंच वाटतो, कारण पाहणारा त्याच्या अगदी जवळ असतो. ‘उंच’ हे विशेषण वस्तूइतकेच पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. म्हणून ते वापरण्याआधी आपण कोठे उभे आहोत हे सांगावे.

मराठी गद्याने हा धडा फार लवकर घेतला होता. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त वेरूळ ‘येळापूर’ या नावाने येते. श्रीचक्रधरांचा मुक्काम येथील लेण्यांत घडला होता. पुढे त्यांच्या पदस्पर्शाने पावन झालेल्या जागांची नोंद ठेवण्यासाठी ‘स्थानपोथी’ सिद्ध झाली. तिचे गद्य एकदा तरी वाचावे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कोणत्या अंगाला आहे, दुसरे देऊळ पहिल्याच्या कोणत्या बाजूला आहे, एवढेच ती सांगत जाते. नटवेपणा नाही. त्या जागा पुढच्या पिढीच्या साधकाला शोधून काढता आल्या पाहिजेत, ही लेखकाची चिंता होती, आणि त्या चिंतेने भाषा आपोआप नेमकी झाली. ‘उजवीकडे’, ‘डावीकडे’ हे शब्द बोलणाऱ्याचे तोंड फिरले की फिरतात, दिशा फिरत नाहीत. ‘धबधबा डाव्या हाताला आहे’ हे विधान येणाऱ्याला खरे आणि परतणाऱ्याला खोटे. ‘लेण्याच्या दक्षिणेला घळ आहे’ हे दोघांनाही खरे.

प्रतिस्थापनाची कसोटी

भाषाविज्ञानात एखाद्या घटकाचे कार्य तपासण्यासाठी त्याच्या जागी दुसरा घटक ठेवून पाहतात आणि अर्थ बदलतो का ते बघतात. ‘काल’ मधील ‘क’ काढून ‘म’ ठेवला की ‘माल’ होतो, अर्थ बदलतो. म्हणून क आणि म हे मराठीत स्वतंत्र वर्ण ठरतात. हीच कसोटी वर्णनाला लावता येते. पुढील परिच्छेद केवळ उदाहरणासाठी रचला आहे.

‘निसर्गाच्या कुशीत वसलेल्या या ठिकाणी पोहोचताच मन प्रसन्न झाले. हिरवाईने नटलेल्या डोंगरावरून दुधासारखा शुभ्र, फेसाळणारा धबधबा कोसळत होता. तुषार अंगावर घेताना देहभान हरपले. निसर्गापुढे माणूस किती क्षुद्र आहे, याची जाणीव झाली.’

या परिच्छेदाला ‘वेरूळ’ असे शीर्षक द्या. मग ते पुसून ‘ठोसेघर’ लिहा. नंतर ‘आंबोली’, ‘रंधा’, ‘जोग’ लिहून पाहा. एकही शब्द बदलावा लागत नाही. म्हणजे यातील एकही शब्द वेरूळविषयी नाही. व्याकरण शुद्ध, शब्दसंग्रह समृद्ध, आणि तरीही यात कुणी कोठेच गेलेले नाही. आता दुसरा परिच्छेद पाहा. हाही नमुन्यासाठीच रचलेला आहे.

‘रात्रभर पाऊस झाला होता. एकोणतिसाव्या लेण्याच्या पायऱ्यांवर सिंहाशेजारी उभे राहिलो, तेव्हा दक्षिणेच्या घळीतून येणारा आवाज इतका भरून होता की शेजारचा माणूस काय म्हणतो ते दोनदा विचारावे लागत होते. पाणी पांढरे नव्हते. वरच्या रानांतली माती घेऊन आल्याने ते दूध कमी घातलेल्या चहासारखे दिसत होते. कड्याच्या ओठाशी ते एकत्र होते, मधल्या कपारीवर आदळून त्याच्या दोन धारा होत होत्या. पलीकडची धार खडक सोडून पडत होती, अलीकडची खडकाला धरून उतरत होती. खालून वर येणारा गारवा चेहऱ्याला लागत होता. कुणीतरी कठड्यापुढे पाय टाकताच रखवालदाराची शिट्टी झाली. आवाजात ती बुडून गेली, आणि त्याला हात हलवत धावत यावे लागले.’

येथे ‘ठोसेघर’ घालून पाहा. सिंह अडतो, लेणे अडते, दक्षिण अडते, मातकट रंग अडतो. शिट्टी आवाजात बुडाली, या एका तपशिलाने धबधब्याचा आवाज जितका कळतो, तितका ‘कानठळ्या बसवणारा’ या विशेषणाने कळत नाही. दुसऱ्या परिच्छेदात उपमा एकच आहे, आणि ती चहाची. काहींना ती काव्याच्या दर्जाला न शोभणारी वाटेल. पाण्याचा रंग तसाच असेल, तर ती शोभते.

सहज पोहोचण्याचे ओझे

सहज जाता येणाऱ्या धबधब्याविषयी लिहिताना लेखकावर एक जास्तीची जबाबदारी येते. दुर्गम कड्याचे वर्णन वाचणाऱ्यांपैकी फार थोडे तेथे जातील. वेरूळचे वर्णन वाचणारा मात्र पुढच्या रविवारी तेथे उभा असेल, कदाचित म्हाताऱ्या आईचा हात धरून. तुमचे वाक्य त्याच्या पायाखाली येणार आहे.

पावसाळ्यात ओढ्यांच्या आणि धबधब्यांच्या ठिकाणी होणारे अपघात बहुधा अनोळखीपणातून घडत नाहीत, ते ओळखीच्या समजुतीतून घडतात. वाट सोपी, गर्दी भरपूर, मग धोका कसला? पण पाणी खाली पाऊस पडल्यानेच वाढते असे नाही. वेरूळच्या वर खुलताबादचे पठार आहे. तेथे सर पडली, तर खाली ऊन असतानाही ओढा फुगू शकतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात काटक्या आणि पाला येऊ लागणे, आवाज जड होणे, या वाढत्या पाण्याच्या खुणा आहेत. शेवाळलेला खडक ओला असताना चमकतो, म्हणून तो छायाचित्रात सुंदर आणि पायाला निसरडा असतो. ‘तुषार अंगावर घेताना देहभान हरपले’ असे लिहिणारा लेखक वाचकाला नेमक्या त्या खडकावर बोलावत असतो.

फलकांची भाषाही या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. ‘सावधान! पुढे धोका आहे’ हे वाक्य आपण इतक्या ठिकाणी वाचले आहे की ते आता वाचले जातच नाही. प्रतिस्थापनाची कसोटी येथेही लावता येते. हे वाक्य विजेच्या खांबावरही चालते आणि खणलेल्या रस्त्यावरही. ‘या खडकावर शेवाळ आहे. पाय घसरल्यास थेट खालच्या डोहात पडाल’ हे वाक्य दुसरीकडे नेता येत नाही. म्हणूनच त्यापुढे पाऊल थबकण्याची शक्यता अधिक. नेमकेपणा ही साहित्याच्या परीक्षेत गुण मिळवण्यापुरती गोष्ट नाही, हे या एका फलकावरून पटावे.

गर्दी, कणसे भाजणारे, प्लॅस्टिकच्या बाटल्या, छायाचित्रासाठी लागलेली रांग, हे सारे वर्णनातून वगळण्याची प्रथा आहे. जणू लेखक तेथे एकटाच गेला होता. ही प्रथा मला मान्य नाही. सहज पोहोचता येणाऱ्या जागेत माणसे असतात आणि ती त्या जागेचा भाग असतात. अर्थात त्यांच्यावर तक्रारीचा परिच्छेद लिहिणे हाही एक ठरीव साचाच आहे. त्यांनाही पाण्यासारखेच क्रियापदांनी दाखवावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘झरा’, ‘ओझर’, ‘प्रपात’, ‘धबधबा’ या शब्दांपैकी प्रत्येक शब्द पाण्याच्या कोणत्या अंगाकडे लक्ष वेधतो, ते व्युत्पत्तीच्या आधारे लिहा.

२. ‘आमच्या गावाजवळ सुंदर धबधबा वाहतो.’ या वाक्यातील क्रियापद, काळ आणि विशेषण यांची चर्चा करून ते तीन वेगवेगळ्या ऋतूंसाठी तीन प्रकारे पुन्हा लिहा.

३. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील पाण्याशी संबंधित एखादे स्थलनाम घ्या. त्यात कोणकोणत्या भाषांचे अंश दिसतात ते सांगा. घरातील ज्येष्ठांना ते नाव कसे उच्चारतात हे विचारायला विसरू नका. लिखित रूप आणि उच्चार यांत फरक आढळल्यास दोन्ही नोंदवा.

क्षेत्रीय कार्य

पावसाळ्यात वेरूळला किंवा तुमच्या जिल्ह्यातील सहज जाता येणाऱ्या धबधब्याला भेट द्या. सोबत वही ठेवा. पहिली पंधरा मिनिटे काहीही लिहू नका आणि छायाचित्रही काढू नका. नंतर फक्त क्रियापदे टिपा, किमान वीस. विशेषण सुचले तर ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या पानावर नको. तुम्ही कोठे उभे आहात, तोंड कोणत्या दिशेला आहे, किती वाजले आहेत आणि आदल्या दिवशी पाऊस झाला होता का, याची नोंद करा. कठड्याच्या आत राहा आणि रखवालदाराच्या सूचना पाळा. त्या सूचना त्याने कोणत्या शब्दांत दिल्या तेही लिहून घ्या, ती तुमची सामग्री आहे.

ज्यांना काम, प्रकृती किंवा घरच्या जबाबदारीमुळे शहराबाहेर जाणे शक्य नाही, त्यांनी संभाजीनगरमधील पाणचक्की निवडावी. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात जमिनीखालच्या नळांतून लांबून आणलेले पाणी भिंतीवर चढवून हौदात पाडण्याची योजना आहे. माणसाने घडवलेला हा धबधबा त्या पाण्यावर दळण दळण्यासाठी होता. तेथे कोणते क्रियापद लागू पडते, कोसळते, पडते की सांडते, याचा निर्णय जागेवर उभे राहूनच घ्या आणि कारणासह लिहा. हौद कोरडा असेल तर कोरड्या हौदाचे वर्णन करा. त्यासाठी वेगळे गुण राखून ठेवलेले आहेत.